विश्लेषण : वर्ध्याची हळद दुबईच्या बाजारात कशी पोहोचते? आखाती देशांचे कस्टम्स नियम काय आहेत?

वर्धा : समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गडद रंग आणि कर्क्युमिनचे चांगले प्रमाण ही तिची ओळख. जिल्ह्यातील कारंजा आणि आष्टी भागात संत्र्याच्या बागा आहेत, तर हिंगणघाटच्या कापसाचे नाव जुने आहे. यातील बराच माल आखाती देशांत विकला जाऊ शकतो, असे शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बैठकांत वारंवार सांगितले जाते. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून दुबईच्या जेबेल अली बंदरापर्यंतचा समुद्रप्रवासही थेट जहाज मिळाल्यास साधारण चार-पाच दिवसांचाच आहे.

तरीही पहिल्यांदा माल पाठवणाऱ्यांची अडचण होते ती बहुतेक वेळा कागदांवर. बिलावर एक वजन आणि पॅकिंग लिस्टवर दुसरे, अरबी लेबल नाही, मूळ देशाचे प्रमाणपत्र उशिरा काढलेले, अशा कारणांनी कंटेनर बंदरात थांबतो आणि भाडे दर दिवशी वाढत जाते. मोठी कंपनी हा फटका सोसते. दोनशे-तीनशे शेतकऱ्यांनी मिळून भरलेला पहिलाच कंटेनर असेल, तर त्यात सगळ्या हंगामाचा नफा जाऊ शकतो. म्हणूनच माल भरण्याआधी आखातातील आयातीचे नियम माहीत असणे गरजेचे आहे.

आखाती देश म्हणजे नेमके कोणते?

संयुक्त अरब अमिराती (यूएई), सौदी अरेबिया, कुवेत, कतार, बहारीन आणि ओमान हे सहा देश आखाती सहकार्य परिषदेचे (जीसीसी) सदस्य आहेत. १ जानेवारी २००३ पासून त्यांचा कस्टम्स संघ आहे. बाहेरून येणाऱ्या बहुतेक मालावर सहाही देशांत ५ टक्के आयात शुल्क लागते. काही खाद्यपदार्थ शुल्कमुक्त आहेत, तर तंबाखूसारख्या वस्तूंवर भारी कर आहे.

मात्र ‘एक संघ, एक नियम’ असे समजणे महागात पडू शकते. सौदी अरेबियाने जून २०२० मध्ये अनेक वस्तूंवरील शुल्क ५ टक्क्यांच्या वर नेले. शिवाय अन्नपदार्थांची नोंदणी, लेबल मंजुरी आणि ऑनलाइन प्रणाली प्रत्येक देशाची वेगळी आहे. सौदीत ‘फसाह’, ओमानमध्ये ‘बयान’ आणि कतारमध्ये ‘अल नदीब’ या प्रणालींतून कस्टम्सचे काम चालते. दुबईसाठी केलेली तयारी रियाधला तशीच्या तशी चालत नाही.

आयात कोणाच्या नावावर होते?

वर्ध्यातील कंपनी निर्यातदार असते. दुबईत माल सोडवून घेण्याचे काम आयातदाराचे असते. त्याच्याकडे तिथला व्यापार परवाना आणि कस्टम्सचा नोंदणी कोड असावा लागतो. परवान्यात खाद्यपदार्थांच्या व्यापाराचा समावेश आहे का, हेही पाहावे लागते. बांधकाम साहित्याचा परवाना असलेला ओळखीचा माणूस ‘माझ्या नावावर मागवून घेऊ’ म्हणाला, तरी ते काम पुढे अडते.

त्यामुळे सौदा ठरवताना भावाच्या आधी आयातदाराच्या परवान्याची प्रत मागवावी. प्रामाणिक व्यापारी ती देतो. अनोळखी खरेदीदाराची पत तपासण्यासाठी आणि पैसे बुडण्याच्या जोखमीवर विमा घेण्यासाठी सरकारी मालकीच्या ‘ईसीजीसी’ची मदत घेता येते.

कर किती आणि कशावर?

शुल्क मोजताना मालाची किंमत, विमा आणि बंदरापर्यंतचे जहाजभाडे या तिन्हींची बेरीज धरली जाते. व्यापाराच्या भाषेत तिला ‘सीआयएफ’ किंमत म्हणतात. त्यावर शुल्क लागते आणि शुल्क मिळवून आलेल्या रकमेवर मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट.

व्हॅटचे दर देशागणिक वेगळे आहेत :

– यूएई : ५ टक्के (१ जानेवारी २०१८ पासून)
– सौदी अरेबिया : १५ टक्के (१ जुलै २०२० पासून, त्याआधी ५ टक्के)
– बहारीन : १० टक्के (१ जानेवारी २०२२ पासून)
– ओमान : ५ टक्के (एप्रिल २०२१ पासून)
– कुवेत आणि कतार : अशा प्रकारचा व्हॅट लागू केलेला नाही

एक उदाहरण घेऊ. समजा, ५ टक्के शुल्क लागणाऱ्या मालाची सीआयएफ किंमत ४०,००० दिरहम आहे. शुल्क झाले २,००० दिरहम. आता ४२,००० वर ५ टक्के व्हॅट म्हणजे २,१०० दिरहम. एकूण ४,१०० दिरहम. शुल्क माफ झाले, तर फक्त ४०,००० वर २,००० दिरहम व्हॅट लागतो. म्हणजे एका खेपेत २,१०० दिरहमचा फरक पडतो. व्हॅटसाठी नोंदणी केलेला आयातदार हा कर आपल्या विवरणपत्रात जुळवून घेऊ शकतो. शुल्काची रक्कम मात्र त्याला परत मिळत नाही आणि भाव ठरवताना तो ती धरतोच.

भारत-यूएई कराराचा फायदा कसा मिळतो?

भारत आणि यूएई यांच्यात १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वंकष आर्थिक भागीदारी करार झाला. तो १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यामुळे भारतातून जाणाऱ्या बहुतांश मालाला तिथे शुल्क सवलत मिळते. ओमानसोबतही १८ डिसेंबर २०२५ रोजी मस्कत येथे असा करार झाला. सवलत मात्र सहीच्या दिवसापासून मिळत नसते. ती करार अमलात येण्याच्या तारखेपासून मिळते, हे यूएईच्या दोन तारखांवरूनही दिसते.

ही सवलत आपोआप लागू होत नाही. त्यासाठी करारानुसारचे ‘मूळ देशाचे प्रमाणपत्र’ लागते. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करून अधिकृत संस्थेकडून ते मिळवावे लागते. व्यापारी संघटना देतात ते साधे मूळ प्रमाणपत्र आणि करारानुसारचे सवलतीचे प्रमाणपत्र यांत फरक आहे. साधे प्रमाणपत्र जोडले, तर माल भारतीय आहे एवढेच सिद्ध होते. शुल्क भरावेच लागते.

हळदीच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. भारतातच पिकलेली हळद करारात ‘पूर्णपणे भारतात मिळालेला माल’ ठरते. परदेशातून आणलेली हळद त्यात मिसळली, तर हा दावा टिकत नाही. म्हणून कोणत्या शेतकऱ्याकडून किती क्विंटल घेतली, कुठे उकडली, कुठे पॉलिश केली याची नोंद ठेवणे उपयोगी पडते. ही सवलत यूएईपुरतीच आहे. तोच माल पुढे सौदीत गेला, तर तिथले शुल्क लागू होते.

मालाचा कोड चुकला तर?

जगभर प्रत्येक वस्तूला एक एचएस कोड असतो. त्याचे पहिले सहा आकडे सर्व देशांत समान असतात. हळदीसाठी ते ०९१०३० आहेत. त्यापुढचे आकडे प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार जोडतो. भारतात आठ आकडी कोड वापरला जातो आणि त्यात ओली हळद, वाळलेली हळद आणि हळद पूड यांचे कोड वेगळे आहेत. आखाती देशांनी २०२५ पासून बारा आकडी कोडची एकत्रित यादी स्वीकारली आहे.

हळद पूड असलेला माल ‘मसाला मिश्रण’ म्हणून दाखवला किंवा वाळलेली हळद लिहून पूड पाठवली, तर शुल्काचा दर, तपासणीचे नियम आणि प्रमाणपत्राची वैधता या तिन्हींवर परिणाम होतो. त्यामुळे माल पाठवण्याआधी आयातदाराच्या कस्टम्स एजंटकडून तिथला बारा आकडी कोड लेखी मागवावा आणि पहिले सहा आकडे आपल्या बिलाशी जुळतात का, ते पाहावे.

भारतातून निघताना कोणते कागद लागतात?

– आयात-निर्यात कोड (आयईसी) : डीजीएफटीच्या संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्क भरून मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती अद्ययावत करावी लागते. नाही केली तर कोड निष्क्रिय होतो.
– मसाले मंडळाची नोंदणी : हळदीच्या निर्यातीसाठी आवश्यक. संत्र्यासारख्या फळांसाठी ‘अपेडा’कडे नोंदणी करावी लागते.
– जीएसटीचे हमीपत्र (एलयूटी) : यामुळे कर न भरता निर्यात करता येते.
– व्यापारी बिल आणि पॅकिंग लिस्ट : दोन्हींवर पोत्यांची संख्या, निव्वळ वजन आणि एकूण वजन सारखेच हवे.
– शिपिंग बिल : कस्टम्सकडे ऑनलाइन भरले जाते. तपासणीनंतर माल देशाबाहेर नेण्याची परवानगी मिळते.
– वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र : मालासोबत कीड वा रोग जात नाही, याची सरकारी ग्वाही.
– बिल ऑफ लेडिंग : जहाज कंपनी देते ती पावती. मूळ प्रत ज्याच्या हाती, त्याला माल सोडवता येतो. त्यामुळे पैशांची खात्री झाल्याशिवाय ती खरेदीदाराला देऊ नये.

यूएईचा आणखी एक नियम पहिल्यांदा निर्यात करणाऱ्यांना अनेकदा माहीत नसतो. १० हजार दिरहम किंवा त्याहून जास्त किमतीच्या आयात बिलाचे तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ऑनलाइन प्रणालीतून साक्षांकन करावे लागते. हा नियम १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. प्रत्येक बिलामागे १५० दिरहम शुल्क आहे आणि कस्टम्स घोषणेपासून १४ दिवसांत हे काम पूर्ण करायचे असते. ते आयातदार करतो. पण एकाच खेपेची चार बिले केली, तर खर्चही चारदा होतो. हे सौद्यावेळीच ठरवलेले बरे.

लेबल अरबीत हवे का?

किरकोळ विक्रीच्या पाकिटांसाठी हो. पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, मूळ देश, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, साठवण्याची सूचना, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख ही माहिती अरबीत असावी लागते. सोबत इंग्रजी चालते. अरबी मजकुराचे स्टिकर लावण्याची सोय बहुधा मिळते. तारखांचे तसे नाही. त्या उत्पादकानेच पाकिटावर छापलेल्या हव्यात. तारखेवर दुसरे स्टिकर चिकटवलेले दिसले, तर मुदत बदलल्याचा संशय येतो आणि माल अडतो.

दुबईत पाकीटबंद अन्नपदार्थाची आणि त्याच्या लेबलची नोंदणी महापालिकेकडे आधी करावी लागते. म्हणून हजारो पाकिटे छापण्याआधी लेबलचा नमुना आयातदाराला पाठवून मंजुरी घ्यावी. छपाई झाल्यावर चूक सापडली, तर सगळी पाकिटे वाया जातात.

‘हळद सर्दी बरी करते’, ‘साखर नियंत्रणात ठेवते’ असे औषधी दावेही टाळावेत. असा दावा केला की तो पदार्थ मसाला राहत नाही आणि आरोग्य विभागाच्या वेगळ्या मंजुरीचा प्रश्न निर्माण होतो.

भौगोलिक मानांकनाबाबतही गैरसमज आहे. हे मानांकन ज्या देशात नोंदलेले असते, तिथेच त्याला कायदेशीर संरक्षण मिळते. ‘वायगाव हळद’ हे नाव दुबईत कोणी गैरवापरले, तर भारतातील नोंदणी तिथे आपोआप लागू होत नाही. भारतातही ते बोधचिन्ह वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असावी लागते.

प्रयोगशाळेत काय तपासले जाते?

हळदीत पिवळेपणा वाढवण्यासाठी लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार उघड झाले आहेत. त्यातील शिसे, विशेषतः मुलांसाठी, घातक असते. त्यामुळे शिसे, कृत्रिम रंग, कीटकनाशकांचे अंश, बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन आणि साल्मोनेला यांवर खरेदीदार देशांची नजर असते. एप्रिल २०२४ मध्ये इथिलीन ऑक्साईड आढळल्याच्या कारणावरून हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर कारवाई केली. त्यानंतर भारतीय मसाल्यांच्या तपासणीकडे जगभर अधिक लक्ष गेले.

वायगावच्या शेतकऱ्यांना याचा लाभही होऊ शकतो. शेतापासून पोत्यापर्यंतची नोंद आणि स्वच्छ चाचणी अहवाल ज्याच्याकडे आहे, त्याच्याशी खरेदीदार दीर्घ मुदतीचा व्यवहार करायला तयार होतो. मसाले मंडळाची प्रयोगशाळा मुंबईत आहे. नमुना त्याच लॉटमधून घेतलेला असावा आणि अहवालावरील लॉट क्रमांक पोत्यांवरच्या क्रमांकाशी जुळावा.

वर्ध्याहून न्हावा शेवापर्यंत माल कसा जातो?

यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला नागपूरमार्गे. अजनी, मिहान आणि बोरखेडी येथील कंटेनर डेपोंचा उपयोग विदर्भातील निर्यातदार करतात. कस्टम्सची तपासणी तिथेच होऊन सीलबंद कंटेनर रेल्वेने बंदराकडे जातो. दुसरा मार्ग रस्त्याचा. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यामुळे ट्रक नागपूर-वर्ध्याहून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत या महामार्गाने जाऊ शकतो.

सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) येथील ड्रायपोर्टची चर्चा जिल्ह्यात अनेक वर्षे आहे. त्याचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले. पुढे हा प्रकल्प बहुविध मालवाहतूक पार्क म्हणून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या कंपनीमार्फत हाती घेण्यात आला. सिंदी हे मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे. कंटेनर भरणे, कस्टम्स तपासणी आणि रेल्वेवर चढवणे ही तिन्ही कामे तिथे एका जागी झाली, तर जिल्ह्यातील लहान निर्यातदारांचा नागपूरचा फेरा वाचेल. रेल्वेच्या सोयीइतकीच तिथे कस्टम्स अधिकाऱ्यांची नियमित उपलब्धता महत्त्वाची ठरेल.

पूर्ण कंटेनर की वाटून?

माल कमी असेल तर अनेकांचा माल एकाच कंटेनरमध्ये जातो. याला ‘एलसीएल’ म्हणतात. भाडे कमी वाटते, पण कंटेनरमधील दुसऱ्या कोणाच्या मालाचे कागद अडकले, तर आपलाही माल थांबू शकतो. शिवाय हळद दुसऱ्या मालाचा वास धरते. शेजारी डिटर्जंट किंवा रसायने असतील, तर दर्जावर परिणाम होतो. तीन-चार उत्पादक कंपन्यांनी मिळून २० फुटी कंटेनर भरला, तर हा धोका टळतो.

भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन जहाज कंपनीला कळवणे १ जुलै २०१६ पासून जगभर बंधनकारक आहे. हे वजन न दिल्यास कंटेनर जहाजावर चढत नाही. दिवसा तापून रात्री थंड होणाऱ्या कंटेनरच्या छतावर पाणी जमून ते पोत्यांवर ठिबकते. म्हणून हळद पूर्ण वाळलेली असणे, कंटेनर आतून कोरडा असणे आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगणे गरजेचे आहे.

संत्र्यासाठी गणित वेगळे आहे. नागपुरी संत्र्याची दुबईसाठीची पहिली खेप फेब्रुवारी २०२० मध्ये नवी मुंबईतील वाशी येथून रवाना झाली. त्यासाठी थंड तापमान राखणारा रीफर कंटेनर लागतो. ताज्या फळांच्या बाबतीत कागदांच्या दोन दिवसांच्या उशिराने थेट माल खराब होतो.

जेबेल अलीत माल अडला तर?

बंदरावर ठरावीक दिवस मोफत मिळतात. त्यानंतर दोन वेगवेगळे आकार सुरू होतात. भरलेला कंटेनर बंदरात पडून राहिला तर ‘डिमरेज’. बंदराबाहेर नेलेला कंटेनर रिकामा करून वेळेत परत दिला नाही तर ‘डिटेन्शन’. माल नाकारला गेला, तर तो परत आणणे किंवा नष्ट करणे हाही खर्च असतो. तो कोणी सोसायचा हे करारात लिहिलेले नसेल, तर खरेदीदार फोन उचलेनासा होतो आणि बोजा निर्यातदारावर येतो.

इथे विक्रीच्या अटी महत्त्वाच्या ठरतात. ‘एफओबी’ अटीत माल भारतातील बंदरात जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी विक्रेत्याची, पुढचे भाडे आणि विमा खरेदीदाराचा. ‘सीआयएफ’ अटीत पलीकडच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा विक्रेता भरतो. पहिल्या खेपेसाठी अनेक जण एफओबी पसंत करतात, कारण जहाजभाड्यातील चढ-उतार त्यांच्या माथी येत नाही.

ही चढ-उतार होतेच. जेबेल अली, दम्माम, कुवेत आणि कतारची बंदरे होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहेत. इराणशी तणाव वाढला की जहाजांचा युद्धजोखीम विमा महागतो आणि जहाज कंपन्या जादा अधिभार लावतात. यूएईची खोर फक्कान आणि फुजैरा ही बंदरे, तसेच ओमानचे सोहार बंदर सामुद्रधुनीच्या बाहेर आहेत. अडचणीच्या काळात तिथे माल उतरवून पुढे रस्त्याने नेण्याचा पर्याय आयातदाराशी आधीच बोलून ठेवता येतो.

घरच्या पार्सलसाठी काय लक्षात ठेवावे?

विदर्भातून आखातात नोकरीला गेलेल्यांना दिवाळीत फराळ पाठवला जातो. त्यात एक गोष्ट कटाक्षाने टाळायला हवी, ती म्हणजे खसखस. भारतीय स्वयंपाकघरात ती साधी वस्तू असली, तरी यूएईसह आखाती देशांत ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. अनारशांवर लावलेली खसखसही चालत नाही. विड्याची पाने, गुटखा आणि खर्रा यांवरही बंदी आहे. झोपेच्या, वेदनाशामक किंवा कोडीनयुक्त औषधांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी पुरेशी ठरत नाही. यूएईत नियंत्रित औषधांसाठी आरोग्य विभागाची आधी परवानगी लागते. ‘हे तेवढे माझ्या भावाला द्या’ म्हणून दिलेले बंद पाकीट न उघडता नेऊ नये. बॅगेत सापडलेल्या वस्तूची जबाबदारी बॅग नेणाऱ्यावर येते.

थोडक्यात : कंटेनर बंद करण्याआधी

१. आयातदाराचा परवाना आणि कस्टम्स कोड तपासला का?
२. तिथला बारा आकडी कोड आणि शुल्काचा दर लेखी मिळाला का?
३. लेबलचा नमुना मंजूर झाला का?
४. त्याच लॉटचा प्रयोगशाळा अहवाल हातात आहे का?
५. सवलतीच्या मूळ प्रमाणपत्राचा अर्ज झाला का?
६. बिल, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिलावरचे आकडे जुळतात का?
७. माल नाकारला तर खर्च कोणाचा, हे करारात लिहिले आहे का?

यातील एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर कंटेनर मागवण्याची तारीख पुढे ढकलणे स्वस्त पडते. वाळलेली हळद वर्ध्याच्या गोदामात आठवडाभर जास्त राहिली, तर तिचे फारसे बिघडत नाही. जेबेल अलीच्या यार्डात तोच आठवडा दिरहममध्ये मोजावा लागतो.